माझ्या अर्जाची पोच

जळगावच्या माझ्या जुन्या ऑफिसातल्या ताई, भाऊ, अण्णा आणि साहेब,



या पत्रात मी तुमची नावं घालणार नाही, कंपनीचंही नाही. एमआयडीसीत खाली गोडाऊन आणि वर लोखंडी जिन्याने चढून जायचं ऑफिस, एवढ्यावर ज्याला ओळखायचं तो ओळखेल. मी डिस्पॅचला होते. चलन, बिल्टी, गाडी नंबर, आणि माल पोचला की ट्रान्सपोर्टवाल्याकडून सहीशिक्क्याची पोच. तुम्ही मला धुळेवाल्या मॅडम म्हणायचात.

परवा पारोळ्याच्या स्टँडवर अकाउंट्सच्या ताई भेटल्या. माझी गाडी दहा मिनिटं थांबली होती. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला, तोच, मनगटाशी वाकडा जुळलेला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आम्हाला सगळ्यांना वाटलंच होतं गं, हा काहीतरी करणार म्हणून." तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. मुकटी येईपर्यंत माझ्या कानात दुसरं काही शिरलं नाही.

सगळ्यांना वाटलं होतं. ताई, मला नव्हतं वाटलं. मला भीती वाटायची, पण ती माझीच चूक आहे असं समजून मी ती गिळायची. तुम्हाला वाटलं होतं तर एकदा जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी त्या माणसावर रागावले होते. परवापासून तो राग तुमच्याकडे वळलाय, आणि मला तो लपवायचा नाही.

आधी काय काय झालं ते तारखेवार नाही, पण क्रमाने लिहिते, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही.

2016 च्या उन्हाळ्यात सुरू झालं. त्याच ऑफिसातला, मार्केटिंगचा. आधी चहा माझ्या टेबलावर आणून ठेवणं, मग रात्री व्हॉट्सअॅप, मग मी उत्तर दिलं नाही की पुन्हा दुसऱ्या नंबरवरून. मी स्पष्ट सांगितलं, मला हे नको आहे. ऑफिसातच, तुमच्यासमोर सांगितलं. त्यानंतर तो बोलायचा थांबला आणि मागे यायला लागला.

मी रिंग रोडजवळ खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी जळगावच्या नवीन बसस्टँडवरून धुळ्याची गाडी धरायचे. तो जळगावचा. धुळ्यात त्याचं कोणी नव्हतं. तरी माझ्या मागच्या सीटवर तो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, फागणे गेलं, हा उतरत नाही. धुळ्याच्या स्टँडवर मी रिक्षात बसेपर्यंत खांबाशी उभा राहायचा आणि मग परतीची गाडी पकडायचा. एक शब्द नाही, हात लावला नाही. मी घरी जाऊन काय सांगणार? एसटीत बसायला कोणाला मनाई आहे?

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी देवपुरातल्या घरी माळ्यावर काहीतरी काढत होते, खालून वडिलांचा आवाज आला, "बाई, तुझ्या ऑफिसातले साहेब आलेत." हा ओट्यावर बसून चहा पीत होता. म्हणाला, पांझरेला पूर आलाय का ते बघायला आलो होतो, म्हटलं मॅडमकडे डोकावू. वडिलांनी त्याला आग्रह करून पोहे खायला लावले. माझे वडील नंतर चार वर्षं जगले, आणि त्या पोह्यांची गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. आपण आपल्या हाताने त्याला ताट दिलं, असं म्हणायचे.

हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, सोमवारी, डबा उघडताना. आणि तुम्ही काय म्हणालात तेही माझ्या लक्षात आहे. "आज बॉडीगार्ड कुठेय?" असं भाऊ म्हणाले आणि सगळे हसलात. मीही हसले, कारण डब्याभोवती एकटीने गप्प बसणं फार जड जातं. अण्णा म्हणाले, "जाऊ दे वं माय, एकतर्फी आहे त्याचं. लग्न झालं तुझं की निघून जाईल."

अण्णा, तुम्ही मनाने वाईट नव्हतात. माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणूनच हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला ते मला जास्त लागलं. एकतर्फी प्रेम. आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द छापून छापून गुळगुळीत झालाय. 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.' ज्या माणसाने बाईला दहा वेळा नाही म्हणताना ऐकलं, तिच्या गाडीची वेळ पाठ केली, तिच्या बापाच्या ओट्यावर जाऊन बसला, त्याच्या वागण्याला प्रेम हे नाव आपण कुठून आणतो? वाळूचा ट्रक अंगावर घालणाऱ्याला कोणी एकतर्फी वाहतूक म्हणत नाही. प्रेम म्हटलं की त्यात बाईचाही काही वाटा असणार, असं ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं. मग तो तिचे कपडे बघतो, तिचं हसणं बघतो, तिने पहिला चहा का घेतला ते विचारतो. मला विचारलं होतं हे सगळं.

सप्टेंबरमध्ये मी अर्ज लिहिला. फुलस्केपवर, दीड पान. गेटजवळच्या फळ्यावर कंपनीच्या महिला तक्रार समितीची पाटी होती. त्यावर पाच नावं होती आणि त्यातल्या दोघी कधीच नोकरी सोडून गेल्या होत्या. म्हणून मी अर्ज थेट साहेबांकडे दिला. साहेब, तुम्ही तो पूर्ण वाचलात, हे मी मान्य करते. चष्मा काढलात, कागदाची घडी घातलीत आणि म्हणालात, "लेखी नको. कागद झाला की फाइलला लागतो. तुमचं लग्न व्हायचंय, बदनामी तुमचीच होईल. मी बोलतो त्याच्याशी." आणि तो कागद टेबलाच्या उजव्या खणात टाकलात.

जळगावात बदनामी या शब्दाचं वजन मला शिकवायला नको. 1994 साली ज्या वासनाकांडाने या गावाचं नाव देशभर झालं, ते उघडकीस आलं तेव्हा मी धुळ्यात शाळेत होते. घरात तो विषय निघाला की मोठी माणसं रेडिओचा आवाज वाढवायची. आम्ही मुलींनी त्यातून एवढंच घेतलं की बोललं की नाव जातं. तुम्ही 'बदनामी' म्हणालात आणि माझ्या आतली ती शाळकरी मुलगी लगेच मान डोलावून बाहेर आली.

दिवसभर मी ट्रकवाल्यांकडून पोच घेत होते. एक खोकं कमी पडलं तर पोचीशिवाय बिल पास होत नाही, हे मी ड्रायव्हरला दरडावून सांगायची. माझ्या स्वतःच्या अर्जाची पोच मी घेतली नाही. झेरॉक्सही काढली नाही.

साहेब बोलले त्याच्याशी. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "कागद लिहिता?" त्याला माझ्या अर्जातली वाक्यं ठाऊक होती.

कायदा काय म्हणतो ते मी पुढे अंथरुणावर पडल्या पडल्या वाचलं. आधी वाचायला हवं होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि बाहेरची एक व्यक्ती. तक्रार लेखीच करायची असते, शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत. आणि साहेब, नीट वाचा, तक्रार करणाऱ्या बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करायची जबाबदारी समितीवर आहे. कायद्याने ज्या कागदासाठी बाईच्या हातात पेन द्यायला सांगितलंय, तो कागद तुम्ही घडी घालून खणात टाकलात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. ती चालू असताना त्याची किंवा तिची बदली मागता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत जास्तीची रजा मिळू शकते. समिती नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड. तडजोड करायची तर ती बाईने मागितली तरच, आणि पैशावर मुळीच नाही. 'मी बोलतो त्याच्याशी' ही पद्धत त्या कायद्यात कुठेच नाही.

आणि पाठलागाचं कलम. 2013 सालीच ते दंड संहितेत आलं, 354-ड. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे. बाईने नको असं स्पष्ट दाखवूनही तिच्या मागे फिरणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, हा गुन्हा. हात लावायची गरज नाही. म्हणजे मागच्या सीटवरचा तो माणूस एरंडोललाच गुन्हेगार झाला होता. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि जामीन हक्काचा. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा जामीन सहजी नाही. हे वाचून मी मोबाइल उशाशी ठेवला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. दुसरी वेळ मोजायची तर पहिली कुठेतरी लिहिलेली लागते. आपल्याकडे पहिली वेळ साहेब समजावतात, दुसरी वेळ त्याची आई हातापाया पडते, तिसरी वेळ गावातले चार लोक बैठकीत मिटवतात. मग तो कोर्टासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या नावावर काहीही नसतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसहाला, मी स्कूटी काढून गेटबाहेर पडले. त्याने बाजूने मोटारसायकल घातली. मी पडले तेव्हा मनगट खाली आलं, त्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्याने हेल्मेट काढून माझ्या तोंडावर मारलं. तीनदा की चारदा, मला सांगता येत नाही. जबाबातही मी तेच सांगितलं आणि वकिलाने त्यावरूनच मला धारेवर धरलं. गेटवरचे म्हातारे बाबा काठी घेऊन धावले. एका टेम्पोवाल्याने टेम्पो आडवा घातला. त्या दोघांची नावं मी रोज घेते. आणि तुम्ही चौघं गेटच्या आत उभे होतात. मी पाहिलं तुम्हाला. एका डोळ्यात रक्त होतं, पण दुसऱ्याने दिसत होतं.

हनुवटीला अकरा टाके पडले, मनगटात सळई घातली. पाठलागाचं कलम लावायचं म्हणून हवालदारांनी विचारलं, "मॅडम, याआधी कुठे तक्रार केली होती का? कागद?" ऑफिसात अर्ज दिलाय, मी म्हणाले. ऑफिसातून उत्तर आलं, असा कोणताही अर्ज प्राप्त नाही. तुम्हा चौघांचे जबाब मी नंतर वकिलांकडे वाचले. चौघांचं वाक्य शब्दाला शब्द एक आहे: आवाज ऐकून मी बाहेर आलो तेव्हा भांडण संपलेलं होतं. भांडण. त्यात त्याचंही काही होतं आणि माझंही, असा तो शब्द आहे.

मी घरी पडून होते तेव्हाच, 23 डिसेंबर 2016 ला, पुण्याजवळ तळवड्याला ऑफिसातून निघालेल्या एका तरुण इंजिनिअर मुलीला रस्त्यात भोसकून मारलं. प्रशिक्षणापासून मागे लागलेल्या एका ओळखीच्यावर पोलिसांचा संशय होता. महिना उलटला तोच, 29 जानेवारीला, हिंजवडीत रविवारी ड्युटीवर असलेल्या दुसऱ्या मुलीचा ऑफिसच्या आतच खून झाला आणि त्याच इमारतीचा सुरक्षारक्षक पकडला गेला. आई टीव्ही बंद करायची. मी पुन्हा लावायची. मला प्रत्येक बातमीत एकच शोधायचं होतं, तिने कुणाला सांगितलं होतं का.

मग हिंगणघाट. 3 फेब्रुवारी 2020, सोमवार. कॉलेजात शिकवणारी पंचविशीतली मुलगी सकाळी बसमधून उतरून नांदोरी चौकातून कामावर चालली होती. तिच्याच गावचा, लग्न झालेला, पूर्वीपासून तिच्या मागे लागलेला माणूस पेट्रोल घेऊन वाट बघत होता. तिची गाडी किती वाजता येते ते त्याला ठाऊक होतं. त्या आठवड्यात महाराष्ट्राने तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. 10 फेब्रुवारीला नागपूरच्या दवाखान्यात तिने प्राण सोडला. दोन वर्षांनी त्याच तारखेला, 10 फेब्रुवारी 2022 ला, हिंगणघाटच्या कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. सरकारी वकील होते आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम. गावाला त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण निकमसाहेब उभे राहतात ते बाई गेल्यावर. त्याआधी ती जिवंत असताना तिच्या बाजूने जो उभा राहायचा असतो तो शेजारच्या टेबलावरचा माणूस असतो.

असा शेजारचा माणूस कसा असतो तेही आपल्याच राज्याने दाखवलंय. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या नर्सवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. ती त्याला कामावरून बोलली होती, हा त्याचा राग. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूला प्राणवायू पोचला नाही, आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं ती त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होती. तिचं लग्न ठरलेलं होतं. तिच्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लागलाच नाही. हल्लेखोर चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षं आत राहिला आणि सुटला. म्हणजे तेव्हाही कागदावर अर्धंच आलं, आणि कारण तेव्हाही तिच्या नावाची काळजी हेच सांगितलं गेलं. पण साहेब, त्याच रुग्णालयातल्या नर्सेसनी काय केलं? घटनेनंतर त्या संपावर गेल्या. आणि मग पिढ्यान्‌पिढ्या, ज्यांनी तिला चालता बोलताना कधी पाहिलंही नव्हतं त्यांनीसुद्धा, तिला भरवलं, कूस बदलली, अंगाला जखम होऊ दिली नाही. 2011 च्या मार्चमध्ये तिच्या मरणाच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या नर्सेसची बाजू ऐकली आणि त्यांच्या सेवेचा गौरव केला. 18 मे 2015 ला ती गेली. त्यांच्याकडे ती सहकारी होती. माझ्यासाठी कोणी बेचाळीस वर्षं मागितलेली नाहीत. मला तुमची एक सही हवी होती.

आता काळ बदललाय असं मला लोक सांगतात. 2025 च्या मार्चमध्ये मुक्ताईनगरला यात्रेत मुलींच्या मागे लागलेल्या टोळक्याविरुद्ध केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे यांना स्वतः पोलीस ठाण्यात जावं लागलं, आई म्हणून. त्या गेल्या, ते मला फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडला, कारण त्याच यात्रेत कापूस वेचणाऱ्या बाईची मुलगीही असणार. 2013 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती हवी, जिथे दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात, दवाखान्यात, दालमिलमध्ये काम करणारी बाई किंवा घरकाम करणारी मावशी जाऊ शकेल. ज्याची तक्रार करायची तो मालकच असेल तरी तिथेच जाता येतं. या समित्या आणि त्यांचे अधिकारी वेळेत नेमा, हे 2024 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. अकरा वर्षांनी. जळगावच्या फुले मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर साड्यांच्या दुकानात सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभ्या असणाऱ्या मुलींना मी अधूनमधून विचारते, तुम्हाला अशी समिती आहे हे ठाऊक आहे का? त्या एकमेकींकडे बघतात. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर माझी एवढीच विनंती, त्या समितीचा पत्ता आणि फोन प्रत्येक बसस्टँडवर मोठ्या अक्षरांत लावा. एसटीने बायकांच्या अर्ध्या तिकिटाची पाटी जशी लावली तशी.

मी आता धुळ्यातच नोकरी करते. कामाचं ठिकाण घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. मुद्दाम तसं निवडलं. एसटीत बसले की अजून मागची सीट रिकामी आहे का ते आधी बघते. तो जामिनावर आहे, त्याचं लग्न झालंय, आणि तो आता चांगला वागतो असं मला तुमच्यातल्याच एकाने फोनवर सांगितलं. माफ करून टाका, असंही सुचवलं. ज्याने चूक कबूलच केली नाही त्याला माफ करायला मला का सांगता? त्याला कबूल करायला सांगणारा एखादा फोन तुम्ही केलात का?

केस अजून जळगाव कोर्टात आहे. माझी साक्ष झाली, टेम्पोवाल्याची झाली. गेटवरचे बाबा साक्षीच्या आधीच वारले. आता तुम्हा चौघांचा नंबर आहे, समन्स तुमच्या हातात पडलं असेल किंवा पडेल. अण्णा, तुम्ही आता रिटायर झालात, तुम्हाला कोणाची नोकरी सांभाळायची नाही. भाऊ, तुमची मुलगी यंदा पुण्याला कामाला लागली असं ताई म्हणाल्या. ताई, तुम्हाला वाटलंच होतं, तेवढंच कोर्टात सांगा: काय पाहिलं होतं म्हणून वाटलं होतं.

आणि साहेब, कोर्टात येण्याआधी टेबलाचा उजवा खण एकदा उपसा. दीड पानांचा अर्ज आहे, निळ्या शाईतला, खाली माझी सही आहे. सापडला तर सोबत आणा. मी त्याची पोच देईन.

तुमची,
धुळेवाल्या मॅडम, डिस्पॅच